इंटरनेट आणि मुलांचें मन

अहिल्यानगर जिल्ह्याच्या पूर्व बाजूस, बीड जिल्ह्याच्या सीमेला लागून पाथर्डी तालुका पसरलेला आहे. मढीचे कानिफनाथ आणि मोहट्याची देवी यांच्यामुळें या तालुक्याचें नांव दूरदूरच्या भाविकांस ठाऊक असतें. परंतु महाराष्ट्रांतील साखरधंद्याला तें निराळ्याच कारणानें परिचित आहे. भाग डोंगराळ, पाऊस बेताचा, शेती बेभरंवशाची. त्यामुळें दसरा-दिवाळीचा सुमार झाला, कीं येथील वाड्यावस्त्यांवरून ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ती फेडण्यासाठीं नवराबायकोची जोडी, जिला या धंद्यांत ‘कोयता’ असेंच म्हणतात, पांच-सहा महिने कारखान्याच्या परिसरांत कोपी उभारून राहते. तान्हें मूल बहुधा बरोबर जातें. शाळेच्या वयाचीं मुलें पुष्कळदां आजी-आजोबांपाशीं किंवा हंगामी वसतिगृहांत मागें राहतात.

पूर्वीं अशी टोळी एकदां गांवाबाहेर पडली, कीं तिची खबर लागणें कठीण असे. पत्र लिहावें तर लिहिणारा नाहीं, आलेलें वाचावें तर वाचणारा शोधावा लागे. कोणी आजारपणामुळें मध्येंच परतला, किंवा मुकादमाचा माणूस गांवीं आला, तर त्याच्या तोंडीं निरोप येई. फाल्गुन-चैत्रांत आईबाप परतत, तेव्हां घरांतलें धाकटें मूल त्यांना बिचकून आजीच्या पदराआड लपे. आतां तसें राहिलेलें नाहीं. भारतांत सामान्य जनतेसाठीं इंटरनेटची सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजीं विदेश संचार निगमानें सुरू केली. पण तेव्हां ती टेलिफोनच्या तारेवर चालणारी आणि शहरांतील थोड्यांच्याच आवांक्यांतील चीज होती. २०१६ च्या सप्टेंबरांत जिओची सेवा सुरू झाली, दर कोसळले, आणि थोड्याच वर्षांत इंटरनेट उसाच्या फडापर्यंत जाऊन पोंचलें. आज कोल्हापूरकडच्या फडांत बसलेल्या आईचें तोंड पाथर्डीकडच्या वस्तीवर ओसरींत बसलेल्या मुलाला दिसतें, आणि मुलाचें तोंड आईला.

आतां दुसरें एक घर पाहावें. हें पुण्यांत असेल, ठाण्यांत असेल, नाशकांत असेल. आई, वडील आणि दोन मुलें एकाच दिवाणखान्यांत, एकमेकांपासून हातभर अंतरावर बसलेलीं आहेत. चौघांच्या हातांत चार फोन. धाकटें मूल म्हणतें, ‘आई, हें बघ.’ आई म्हणते, ‘हो, छान.’ मात्र तिनें मान वर केलेली नसते. पहिल्या घरीं शेंकडों मैलांवरची आई मुलासमोर येते. या घरीं समोरची आई मुलापासून दूर जाते. यंत्र दोन्ही घरीं एकच. इंटरनेट चांगलें कीं वाईट, असा सरळ प्रश्न सभासंमेलनांतून नेहमीं विचारला जातो आणि त्याचें उत्तर कांहीं हातीं लागत नाहीं, याचें कारण येथें आहे.

मुलाच्या मनाची वाढ कशी होते, हें प्रथम समजून घेतलें पाहिजे. तान्हें मूल हुंकार देतें; आई त्याच स्वरांत हुंकार परत देते. मूल खिडकीबाहेरच्या कावळ्याकडे पाहतें. आई त्याच दिशेला पाहून ‘काऊ’ म्हणते. हा खेळ घरोघरीं इतका सहज चालतो, कीं त्याचें महत्त्व कोणाच्या लक्षांतही येत नाहीं. पण भाषा, विश्वास, आणि आपल्या हांकेला जगांत ओ मिळते ही खात्री, यांचा पाया याच खेळांत घातला जातो. अमेरिकेंतील मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनीं आपल्या सहकाऱ्यांसह १९७८ सालीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांत आई प्रथम मुलाशीं नेहमींप्रमाणें खेळते. मग कांहीं मिनिटें ती तेथेंच, मुलासमोर बसून राहते, परंतु चेहरा दगडासारखा ठेवते; हंसत नाहीं, बोलत नाहीं. मूल हंसून पाहतें, हात पुढें करतें, आवाज काढतें, आणि आपल्या साऱ्या युक्त्या संपल्या म्हणजे तोंड फिरवून मलूल होतें. पुढें दुसऱ्या संशोधकांनीं याच धर्तीच्या प्रयोगांत आईच्या हातीं मोबाईल दिला. ती त्यांत पाहूं लागतांच मुलांची अस्वस्थता वाढली, आणि भोंवतालच्या वस्तूंतलें त्यांचें मनही उडालें.

येथें कोणी असें म्हणेल, कीं पूर्वींच्या आईचें तरी मुलाकडे सदोदित लक्ष कोठें असे? तिच्यामागें चूल होती, दळण होतें, धुणें होतें. आक्षेप खरा आहे. आईचें घटकाभर लक्ष नसलें, म्हणून मूल बिघडत नाहीं. पण चुलीपाशींची आई काय करते आहे, हें मुलाला दिसत असे. भाकरी थापली जात आहे, ती तव्यावर पडली, फुगली, आतां आई मोकळी होईल, असा हिशोब त्याला करतां येत असे. फोनमध्यें पाहणाऱ्या आईचें काम मुलाला दिसत नाहीं, आणि तें केव्हां संपेल याचाही त्याला अंदाज येत नाहीं.

भाषेच्या बाबतींत आणखी दोन प्रयोग ध्यानांत घेण्याजोगे आहेत. वॉशिंग्टन विद्यापीठांतील पॅट्रिशिया कूल यांनीं २००३ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत नऊ महिन्यांच्या अमेरिकन मुलांना बारा बैठकींत चिनी भाषा ऐकविण्यांत आली. ज्या मुलांशीं चिनी भाषक प्रत्यक्ष खेळत बोलले, त्यांना त्या भाषेंतील ध्वनींचा भेद कळूं लागला. ज्यांना तशाच बोलण्याची चित्रफीत दाखविली, त्यांच्या पदरांत कांहीं पडलें नाहीं. दुसरा प्रयोग सारा रोझबेरी व त्यांच्या सहकाऱ्यांचा, २०१४ सालचा. दोन ते अडीच वर्षांच्या मुलांना त्यांनीं नवीं क्रियापदें तीन रीतींनीं शिकविलीं: समोर बसून, व्हिडिओ कॉलवर बोलून, आणि तयार चित्रफितीवरून. पहिल्या दोन्ही रीतींनीं मुलें शिकलीं. तिसऱ्या रीतीनें शिकलीं नाहींत. म्हणजे अडसर नुसत्या पडद्याचा नव्हता. पलीकडचें माणूस मुलाच्या बोलण्याला त्याच क्षणीं उत्तर देतें कीं नाहीं, यावर सारें अवलंबून होतें. अमेरिकेंतील बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेनें २०१६ सालीं दीड वर्षाखालील मुलांना पडदा दाखवूं नये असें सांगतांना व्हिडिओ कॉलचा तेवढा अपवाद ठेवला, तो अशाच विचारानें. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं घालून दिलेली मर्यादाही कडकच आहे: वर्षाखालील मुलाला पडदा मुळींच नको, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसांतून एक तासाहून अधिक नको.

तेव्हां पाथर्डीकडच्या मुलाला फोनवर भेटणारी आई खरीच असते. ‘जेवला का रं?’ असें ती विचारते, मूल ‘न्हाय’ म्हणतें, आणि आई रागावते. तो राग त्याच मुलासाठीं असतो, हजारों मुलांसाठीं आधीं तयार करून ठेवलेला नसतो. तथापि या भेटीला मर्यादा आहेत. तोडीचें काम पहाटे सुरू होतें, गाडी भरण्याची पाळी रात्रीं-अपरात्रीं येते. कोपींत वीज असतेच असें नाहीं, म्हणून फोन राखून वापरावा लागतो. आणि तापानें फणफणलेल्या मुलाच्या कपाळावर हात ठेवण्याची सोय कोणत्याही पडद्यांत नाहीं. आईपासून तुटलेल्या लहान मुलांचा अभ्यास जॉन बोल्बी आणि जेम्स रॉबर्टसन यांनीं १९५० च्या सुमारास इंग्लंडांत केला. त्यांना असें आढळलें, कीं अशीं मुलें आधीं आक्रोश करतात, मग खिन्न होतात, आणि शेवटीं ‘आतां रुळलें हो’ असें लोक ज्याला म्हणतात त्या अवस्थेला येतात. मग आई परत आली तरी तिच्याकडे पाठ फिरवितात. पदराआड लपणाऱ्या लहानग्याच्या वागण्याचा उलगडा येथें होतो. फोन या जखमेवर पट्टी बांधतो. उचल, मुकादम आणि गांवांत काम नसणें, हीं जखमेचीं कारणें जेथल्या तेथें राहतात. साखरेच्या धंद्यानें मुलाला आईपासून तोडावें आणि त्यांची भेट महिन्याच्या रिचार्जवर विकत मिळावी, हा व्यवहार चहांत साखर घालणाऱ्या प्रत्येकानें क्षणभर मनांत आणण्याजोगा आहे.

आईचा फोन दिवसांतून एखाद्या वेळीं, पांच-दहा मिनिटें येतो. उरलेला दिवस तोच फोन मुलाच्या हातीं राहतो, आणि खरी अडचण तेथून सुरू होते. आजीला तो काढून घेतां येत नाहीं. न जाणो, तेवढ्यांत आईचा फोन आला तर! शिवाय तो उचलावा कसा, तोंड दिसावें म्हणून काय दाबावें, हें पुष्कळ घरीं नातवालाच ठाऊक असतें. वडीलधाऱ्यांनीं शिकवावें आणि मुलांनीं शिकावें ही जेथली रीत, तेथें या एका वस्तूपुरता नातू गुरु आणि आजी शिष्य झाली आहे. शिष्यानें गुरूला दटावावें कसें?

आणि तो फोन तरी साधा असतो काय? बी. एफ. स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें कबुतरांवर प्रयोग करून दाखविलें होतें, कीं टोचल्यावर दाणा केव्हां मिळेल याचा नेम नसला, तर कबुतर विलक्षण चिकाटीनें टोचत राहतें, आणि दाणे बंद झाल्यावरही लवकर थांबत नाहीं. मोबाईलवरच्या चित्रांच्या प्रवाहाचें मर्म हेंच आहे. बोट सरकवावें, पहिलें चित्र नीरस, दुसरें नीरस, तिसरें मात्र पोट धरून हंसविणारें. म्हणून चौथें, म्हणून चाळीसावें. पान कधीं संपतच नाहीं अशी रचना २००६ सालीं अझा रास्किन यांनीं केली, आणि पुढें त्याबद्दल त्यांनीं उघडपणें खेदही प्रकट केला. पुस्तकाचें पान संपतें, कीर्तनाची आरती होते, तमाशालाही पहाट होते. येथें थांबण्याची जागाच ठेवलेली नाहीं. हा प्रवाह मुलाला उत्तर देत नाहीं, असें मात्र म्हणतां येणार नाहीं. कोणत्या चित्रावर तें किती वेळ थांबलें, हें तो बरोबर टिपतो आणि तसलेंच पुढें आणून ठेवतो. पण आई केव्हांतरी ‘पुरे आतां, नीज’ असें म्हणते. प्रवाह तसें कधीं म्हणत नाहीं.

मार्च २०२० मध्यें करोनामुळें शाळा बंद झाल्या, तेव्हां कालपर्यंत वर्गांत मोबाईल जप्त करणाऱ्या शिक्षकांनाच ‘मोबाईल घेऊन बसा’ असें सांगण्याची पाळी आली. शाळा पुन्हा उघडल्या. मुलांच्या हातीं आलेली वस्तु मात्र पुष्कळ घरीं हातींच राहिली. मोठ्या मुलांच्या वाढत्या खिन्नतेचें खापर तिच्यावर किती फोडावें, याविषयीं पंडितांत एकमत नाहीं. जोनाथन हाइट यांनीं २०२४ सालच्या आपल्या ग्रंथांत तें जवळजवळ सगळेंच फोडलें; इतके पुरावे नाहींत, असें कँडिस ऑजर्स यांच्यासारख्या संशोधकांनीं त्यांना उत्तर दिलें. ऑस्ट्रेलियानें हा वाद मिटण्याची वाट पाहिली नाहीं; १० डिसेंबर २०२५ पासून तेथें सोळा वर्षांखालील मुलांना प्रमुख समाजमाध्यमांवर खातें ठेवण्यास मज्जाव झाला.

मोठ्यांची स्थिति याहून फारशी निराळी नाहीं. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप समूहावर एखाद्या काकूंच्या वाढदिवशीं पंचवीस जणांचीं फुलांचीं चित्रें येऊन पडतात. त्या पंचविसांतून एकानेंही फोन करून ‘काकू, गुडघा कसा आहे?’ असें विचारलेलें नसतें. फुलें पोंचलीं, कर्तव्य संपलें, आणि काकूंचा दिवस गेला तसाच गेला.

ज्या ऊसपट्ट्यांत या टोळ्या उतरतात, त्याच पट्ट्यांत, सांगली जिल्ह्याच्या कडेगांव तालुक्यांत, मोहित्यांचें वडगांव नांवाचें गांव आहे. तेथें ऑगस्ट २०२२ पासून रोज संध्याकाळीं सात वाजतां देवळावरचा भोंगा वाजूं लागला. भोंगा झाला, कीं दीड तास घरोघरचे मोबाईल आणि टेलिव्हिजन बंद. मुलांनीं अभ्यासाला बसावें, मोठ्यांनीं वाचावें, बोलावें. नियम पाळला जातो कीं नाहीं, हें पाहण्यासाठीं गांवांतली मंडळी घरोघरीं फिरत. या नियमाची खरी किंमत अशी, कीं तो बापालाही लागू होता. शहरांतल्या सुशिक्षित घरांत ‘फोन ठेव’ ही आज्ञा बहुधा फोनमध्यें पाहतपाहतच दिली जाते, आणि मूल ती कितपत मनावर घेतें, हें ज्याचें त्याला ठाऊक आहे. दिवाणखान्यांतल्या चौघांना वडगांवचा दीड तास उद्यांपासून पाळतां येईल. त्यासाठीं देऊळही नको आणि भोंगाही नको.

पाथर्डीकडच्या वस्तीवर मात्र सात वाजतां तसा भोंगा वाजवितां येणार नाहीं. फडावरून कोपींत परतलेल्या आईला मोकळीक मिळालीच तर ती त्याच सुमारास मिळते. तेथें नियम उलट्या बाजूनें करावा लागेल. दिवसभर फोन आवाज मोठा करून फडताळांत ठेवावा, आणि वाजला म्हणजे घरांतल्या सगळ्यांनीं त्याच्याभोंवतीं बसावें. आईला अशा वेळीं बोलावयाचें थोडें आणि पाहावयाचें पुष्कळ असतें: शेळी व्याली काय, वहींत आज काय लिहिलें, आणि दांत पडला म्हणतोस तो कोणता, तोंड उघड बघूं.