बाल वारस, ऐतिहासिक कादंबरीतील

राज्याचा, जहागिरीचा किंवा सरदार घराण्याचा जो वारस वयात येण्यापूर्वीच राजकारणाच्या मध्यभागी येऊन पडतो, त्याच्या बाल्याचे चित्रण हा ऐतिहासिक कादंबरीचा एक जुना व स्वतंत्र विषय आहे. मातापित्यांचा मृत्यू किंवा दीर्घ वियोग, विश्वासू पालकाचा आधार, शत्रूच्या गोटात ओलीस म्हणून वास्तव्य, लपून वा वेषांतराने झालेली सुटका आणि अखेर वारसाहक्काची प्राप्ती, हे या कथांचे नेहमीचे टप्पे होत. वारसाच्या बाल्याविषयी इतिहासाची साधने बहुधा सर्वांत तुटपुंजी असतात. उलट प्रौढ राजाच्या बऱ्यावाईट कृत्यांचा उलगडा वाचक त्याच्या बाल्यातच शोधतो. त्यामुळे कादंबरीकाराला सर्वांत जास्त मोकळीक जेथे मिळते, तेथेच त्याच्यावरील जबाबदारीही सर्वांत मोठी असते.

साधनांचे स्वरूप : दरबारी कागदपत्रांत राजपुत्र प्रकट होतो तो जन्म, संस्कार, विवाह, तह, मनसब किंवा राज्यारोहण यांच्या निमित्ताने. त्याला कशाचे भय वाटे, कोणाचा लळा होता, आईच्या मृत्यूचा त्याच्या मनावर काय परिणाम झाला, यांविषयी कागद मौन पाळतात. बाल राजाने स्वतः लिहिलेले इतिवृत्त उपलब्ध असले, तरी ही उणीव भरून निघतेच असे नाही. इंग्लंडचा राजा सहावा एडवर्ड (१५३७–५३) हा १५४७ मध्ये वयाच्या नवव्या वर्षी गादीवर आला. त्याच्या हातचे इतिवृत्त आज उपलब्ध आहे. आपला मामा व एके काळचा राज्यपालक ड्यूक ऑफ सॉमरसेट याच्या १५५२ मधील शिरच्छेदाची नोंद त्याने त्यात केली आहे. परंतु तीत शोकाचा किंवा समाधानाचा एकही शब्द नाही. मार्क ट्वेनने द प्रिन्स अँड द पॉपर (१८८१) ही कादंबरी याच राजपुत्रावर लिहिली. राजपुत्र व एक भिकारी मुलगा यांची अदलाबदल होते, ही तिच्यातील कल्पना संपूर्णपणे काल्पनिक आहे; पण दारिद्र्य व कठोर कायदे यांचा अनुभव घेतलेला राजा दयाळू होईल, हे तिच्यातील प्रतिपादन त्या मौनाच्या जागीच उभे आहे.

‘द लिटल ड्यूक’ : या विषयाचा नमुना म्हणून इंग्रज लेखिका शार्लट मेरी यंग (१८२३–१९०१) हिच्या द लिटल ड्यूक (१८५४) या कादंबरीकडे पाहता येते. फ्रान्सच्या उत्तरेकडील नॉर्मंडीचा ड्यूक पहिला रिचर्ड (मृत्यू ९९६) हा तिचा नायक होय. त्याचा पिता विल्यम लाँगस्वोर्ड याचा डिसेंबर ९४२ मध्ये सॉम नदीवरील पिकीन्यी येथे, फ्लँडर्सचा सरदार आर्नुल्फ याच्या चिथावणीने, वाटाघाटींच्या मिषाने वध झाला. त्या वेळी रिचर्ड सुमारे दहा वर्षांचा होता. कादंबरीत त्याचे वय आठ वर्षांचे असून कथानकाचा आरंभ ९४३ च्या शरद ऋतूत होतो. पुढे फ्रान्सचा राजा चौथा लुई या मुलाला संरक्षणाच्या नावाखाली आपल्या लाआँ येथील दरबारी नेतो. तेथे तो वस्तुतः कैदीच असतो. त्याचा सेवक ऑस्मंड त्याला गवताच्या भाऱ्यात लपवून किल्ल्याबाहेर काढतो.

हे सारे साहस असले, तरी कादंबरीचा गाभा वेगळा आहे. पित्याच्या मृतदेहावर एक चांदीची किल्ली सापडते आणि तिने उघडलेल्या पेटीत संन्याशाचे जाडेभरडे वस्त्र निघते. राज्य चालविणाऱ्या पित्याला अंतर्यामी मठवासाची ओढ होती, हे त्यावरून मुलाला कळते. त्याच्या मनात सूडाची आग असते. सरदारांची अपेक्षाही सूडाचीच असते. मठाधिपती मात्र त्याला क्षमेचा उपदेश करतो. लाआँच्या दरबारात लुईचा थोरला मुलगा लोथेर हा रिचर्डचा छळ करतो. पुढे लुई नॉर्मन लोकांच्या हाती सापडल्यावर त्याचेच दोन मुलगे ओलीस म्हणून रिचर्डकडे येतात. स्वतः ओलीस राहिलेला मुलगा आता दुसऱ्यांच्या ओलिसांचा धनी होतो. धाकटा कार्लोमान मरण पावतो, तेव्हा रिचर्ड लोथेरच्या मुक्ततेसाठी आपल्या सरदारांची मनधरणी करतो. सत्ता हाती आलेल्या मुलाने पूर्वी भोगलेल्या दुःखाचे काय करावे, हा या कथेतील खरा प्रश्न होय आणि तो या संपूर्ण कथाप्रकाराचाही प्रश्न आहे.

आधारग्रंथाचा प्रश्न : रिचर्डच्या बाल्याची हकीकत, गवताच्या भाऱ्यासह, मुख्यतः दुडो या धर्मोपदेशकाच्या लॅटिन ग्रंथातून आलेली आहे. हा ग्रंथ रिचर्डच्याच इच्छेवरून त्याच्या उतारवयात हाती घेतला गेला व त्याच्या मृत्यूनंतर, त्याच्या मुलाच्या कारकीर्दीत, पुरा झाला. म्हणजे वर्णित घटना व त्यांचे लेखन यांत अर्धशतकाहून अधिक काळाचे अंतर असून लेखकाचा आश्रयदाता खुद्द कथानायक व त्याचे घराणे हेच होते. समकालीन इतिवृत्तकार फ्लोदोआर याच्या नोंदी त्यामानाने त्रोटक व कोरड्या आहेत. तेव्हा कादंबरीकाराने कल्पनेचा उपयोग करण्यापूर्वीच वारसाचे बाल्य हे दरबारी वाङ्‌मयात घडविले गेलेले होते. यंगने त्याला एकोणिसाव्या शतकातील ख्रिस्ती नीतिकल्पनांची जोड दिली. दहाव्या शतकातील सरदारपुत्राने शत्रूला क्षमा करण्याचा असा विचार केला असेल किंवा नाही, हे साधनांवरून ठरविता येत नाही.

मराठीतील चित्रण : मराठीत या विषयाचे ठळक उदाहरण म्हणजे छत्रपती संभाजी महाराजांचे बाल्य होय. त्यांचा जन्म १४ मे १६५७ रोजी पुरंदर किल्ल्यावर झाला. मातोश्री सईबाई १६५९ मध्ये निवर्तल्या, तेव्हा ते सव्वादोन वर्षांचे होते. कापूरहोळच्या धाराऊने त्यांना दूध पाजले व जिजाबाईंनी त्यांचा सांभाळ केला. १६६५ च्या पुरंदरच्या तहाने आठ वर्षांच्या या राजपुत्राच्या नावे पंचहजारी मनसब झाली. मे १६६६ मध्ये ते पित्यासह आग्र्याच्या मोगल दरबारी गेले. त्या वेळच्या राजस्थानी पत्रांत या नऊ वर्षांच्या, देखण्या व गोऱ्या मुलाचा उल्लेख येतो. ऑगस्टमध्ये शिवाजी महाराज पहाऱ्यातून निसटले. संभाजी महाराजांना मात्र मथुरेस विश्वासू ब्राह्मण कुटुंबाकडे ठेवण्यात आले. ते मरण पावल्याची वार्ता पसरविण्यात आली आणि यथावकाश ते सुखरूप राजगडी पोहोचले. मिठाईच्या पेटाऱ्यांचा प्रसंग मराठी माणसाला पाठ असतो. मात्र सुटकेच्या तपशिलांबाबत सर्व साधनांत एकवाक्यता नाही. रिचर्डचा गवताचा भारा व आग्र्याचे पेटारे यांचा परस्परांशी संबंध नाही. तथापि एकच वस्तू व एकच क्षण यांत सारे संकट साठवून ठेवण्याची लोकस्मृतीची रीत दोन्हीकडे सारखीच दिसते.

या बाल्याकडे मराठी लेखक वळले, त्याला एक विशेष कारण आहे. डिसेंबर १६७८ मध्ये युवराज संभाजी हे मोगल सरदार दिलेरखानास जाऊन मिळाले व सुमारे वर्षभराने परतले. या घटनेचा अर्थ लावताना उत्तरकालीन बखरींनी त्यांच्या स्वभावाला दोष दिला. यांतील प्रभावी ठरलेली मल्हार रामराव चिटणीस यांची बखर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीची आहे. लेखकाचे पूर्वज बाळाजी आवजी यांना संभाजी महाराजांच्या आज्ञेने १६८१ मध्ये देहदंड झाला होता, ही गोष्ट ती बखर वाचताना विसरता येत नाही. पुढे वा. सी. बेंद्रे यांच्या चरित्राने (१९६०) व कमल गोखले यांच्या संशोधनाने मूळ साधनांच्या आधारे या प्रतिमेची फेरतपासणी केली. वसंत कानेटकरांच्या रायगडाला जेव्हा जाग येते (१९६२) या नाटकाने पितापुत्रांतील दुराव्याला रंगभूमीवर स्थान दिले. शिवाजी सावंत यांच्या छावा (१९७९) या कादंबरीने आईविना वाढलेल्या मुलाचे भावविश्व विस्ताराने उभे केले आणि बखरींतील आरोपांना एक प्रकारे बाल्यातूनच उत्तर दिले.

मूल्यमापन : बखरकाराने दोषासाठी स्वभावाचा आणि कादंबरीकाराने समर्थनासाठी बाल्याचा आधार घेतला, तरी दोघेही एकाच रिकाम्या जागेवर लिहीत असतात. ललित वाङ्‌मयाला ती मुभा आहे व तिच्याविना मनसबीच्या कागदामागे एक लहान मूल होते, याची जाणीवही वाचकाला होत नाही. मात्र कादंबरीतील बाल्य जेव्हा व्याख्यानांतून व पाठ्यवाचनातून इतिहास म्हणून पुढे दिले जाते, तेव्हा त्या मुलावर दुसऱ्यांदा अन्याय होण्याचा संभव असतो. पहिल्या वेळी प्रौढांच्या राजकारणाने त्याला ओलीस ठेवलेले असते. दुसऱ्या वेळी ते काम उत्तरकालीनांचे पूर्वग्रह करतात, मग ते निंदेचे असोत वा भक्तीचे. या प्रकारातील चांगली कादंबरी ज्ञात घटना जशाच्या तशा ठेवते, अज्ञात मन माणुसकीने कल्पिते आणि त्या मुलाला भावी कर्तृत्वाची केवळ नांदी न मानता मूल म्हणूनच पाहते.