वाघांच्या शहरात दीड किलोची वाघाटी

नागपुरात भिंत रंगवायला मिळाली की चित्रकार वाघ काढतो. त्यात वावगं काही नाही. पेंच, बोर, ताडोबा, नवेगाव-नागझिरा या व्याघ्रप्रकल्पांच्या मधोमध वसलेलं शहर आहे, गिऱ्हाईकही वाघच मागतं. याच पट्ट्यात, नागझिऱ्यासारख्या जंगलात, वाघाटी राहते. जगातल्या सर्वांत लहान रानमांजरांमध्ये तिची गणना होते. वजन जेमतेम एक ते दीड किलो. तिचं चित्र कुणी सांगत नाही, आणि सांगितलंच तर चित्रकाराची पंचाईत होते.

शास्त्रीय नोंद जुनी आहे. पाँडेचेरीकडून पॅरिसला गेलेल्या नमुन्यावरून फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ इसिदोर जॉफ्र्वा सेंत-इलेर यांनी 1831 मध्ये तिचं वर्णन केलं. प्राणिशास्त्रज्ञ जर्डन यांनी भारतातल्या सस्तन प्राण्यांवरच्या 1867 च्या ग्रंथात आपण पाळलेल्या पिल्लाची हकिगत दिली आहे. हे पिल्लू आठेक महिन्यांचं असताना खोलीत चिंकाऱ्याचं पाडस सोडलं, तर पिल्लानं थेट पाडसाची मानगूट धरली! नागपूरहून जबलपूरच्या वाटेवरच्या सिवनीत नोकरी केलेले स्टर्नडेल स्वतः चित्रं काढत. भारत आणि सिलोनच्या सस्तन प्राण्यांवरचा त्यांचा 1884 चा ग्रंथ 170 चित्रांचा आहे, त्यांतली बरीच त्यांच्याच हातची. पण ती छापली काळ्या-पांढऱ्यात. तांबूस ठिपक्यांच्या जनावराला तेवढं कसं पुरावं?

रंगाचं दुखणं आजही सुटलेलं नाही. ही निशाचर. जंगलात लावलेल्या इन्फ्रारेड कॅमेऱ्यात ती करडी येते, पांढऱ्या फ्लॅशमध्ये अंग उजळून सपाट होतं. शिवाय हे कॅमेरे वाघाचे पट्टे टिपायला माणसाच्या गुडघ्याच्या उंचीवर बांधलेले असतात. वाघाटी आलीच तर चौकटीच्या तळाशी. संग्रहालयातल्या कातड्यांवर भरवसा ठेवावा, तर उजेडानं त्यांचाही रंग उडतो.

म्हणून आधी रेखाटन पक्कं हवं. डोकं लहान, कान आखूड आणि गोलसर. डोळ्यांच्या आतल्या कडेनं दोन पांढऱ्या रेघा वर जातात, कपाळावरून चार गडद पट्टे मानेकडे. पाठीवरचे ठिपके विखुरलेले नसून ओळींत लागतात. इथेच बहुतेक जण चुकतात आणि छोटा बिबट्या काढून ठेवतात. पोट पांढरं, त्यावर गडद ठिपके. शेपटीवर मात्र खुणा जवळपास नाहीतच. जलरंगात करड्या-मातकट पहिल्या वॉशवर, तो पुरता वाळण्याआधी, बर्न्ट सिएना सोडावा, म्हणजे ठिपक्याची कड केसांत विरते. कोरड्या कागदावर तोच ठिपका कुंकवासारखा उठून दिसतो.

बिबट्याशी होणारा हा गोंधळ चित्रापुरता नाही. पश्चिम महाराष्ट्रात ऊसतोडीच्या वेळी फडात वाघाटीची पिल्लं सापडतात, आणि बिबट्याचे बछडे समजून गावभर धावपळ उडते. मग वनखात्याची माणसं रात्री ती तिथेच ठेवतात, आई येऊन घेऊन जाते. वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत वाघाच्याच पंक्तीला बसणारं हे जनावर, पण कापणी करणाऱ्यालाही ते ओळखता येत नाही. आपल्या वनखात्याच्या फलकांवर वाघाच्या शेजारी वाघाटीलाही जागा द्यायला हवी, असं मला वाटतं ते यासाठी.

फक्त आकार कळला पाहिजे. कोऱ्या पार्श्वभूमीवर दीड किलोचं मांजर आणि दीडशे किलोचा वाघ सारखेच दिसतात. शेपटी सोडून वाघाटीचं अंग 35 ते 48 सेंटिमीटर, म्हणजे सागाच्या मोठ्या पानाएवढं. पानगळीच्या सागवनात असं एखादं पान तिच्या पुढ्यात पडलेलं दाखवलं, की खाली मापं लिहायची गरज उरत नाही.