कासव वाटेत भेटले तर

कृष्णाकाठच्या माणसाला कासव परके नाही. गाभाऱ्यासमोरच्या दगडी कासवाला नमस्कार केल्यावाचून आपण देवापुढे जात नाही. विहिरीचे पाणी निर्मळ राहावे म्हणून तीत कासव सोडण्याची रीतही जुनी आहे. इतका घरोबा असूनही जिवंत कासव वाटेत भेटले की आपल्या हातून त्याचा घात होतो, आणि तोही पुष्कळदा दयेपोटी!

दोन अगदी वेगळ्या प्राण्यांना आपण एकच नाव देतो, हे ह्या गोंधळाचे मूळ. कृष्णेच्या खोऱ्यातील नदीनाल्यांत आढळणारे ते पाणकासव : अंग चपटे, पाठ कातड्यासारखी मऊ, बोटांमध्ये पडदे. पावसाळ्यात ते एक डबके सोडून दुसऱ्याच्या शोधात उसाच्या बांधावरून खुशाल चालत जाते. ते वाट चुकलेले नसते. त्याला जाऊ द्यावे.

दुसरे भूकासव. त्याची पाठ घुमटासारखी, पाय हत्तीच्या पायांसारखे खांबवजा. ज्याच्या काळसर पाठीवर पिवळ्या रेषांच्या चांदण्या असतात, ते स्टार कासव. त्याचे घर गुजरात-राजस्थानच्या आणि दक्षिणेच्या कोरड्या झुडपी रानांत. सातारा-सांगलीच्या एखाद्या गल्लीत ते दिसले, तर बहुधा कोणी विकत घेऊन पाळलेले, मग पळालेले किंवा भीतीने सोडून दिलेले असते. कासव पाळले की घरात लक्ष्मी येते, असे सांगतात. ती येते खरी, पण विकणाऱ्याच्या घरी!

असे कासव सापडले की कोणी भाविक त्याला हळदकुंकू वाहून घाटावर नेतो आणि डोहात सोडतो. भूकासवाला पोहता येत नाही. खोल पाण्यात ते बुडून मरते. डोंगरावर नेऊन सोडणेही बरे नव्हे. ते रान त्याचे नसते, आणि माणसांत राहून जडलेला रोग तेथील प्राण्यांना लागू शकतो.

कायदा येथे कडक आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 2022 साली दुरुस्ती झाली. ती 1 एप्रिल 2023 पासून लागू आहे. स्टार कासव आता पहिल्या अनुसूचीत आहे. त्याला पकडणे ही कायद्याने शिकारच. शिक्षा तीन ते सात वर्षे कैद आणि निदान 25,000 रुपये दंड. 2019 साली जिनिव्हाच्या परिषदेने त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापारही बंद केला.

मग करावे काय? रानात दिसले तर दुरून पाहावे. रस्त्यावर गाडीखाली सापडेलसे वाटले, तर दोन्ही हातांनी कडांना धरून, जमिनीलगतच उचलून, ज्या बाजूला निघाले होते त्याच बाजूला ठेवावे. मागे फिरवले तर ते पुन्हा रस्ता ओलांडू लागते. मऊ पाठीच्या कासवाची मान लांब पोचते आणि ते कडकडून चावते, म्हणून त्याला मागच्या अंगाने धरावे. जखमी कासव किंवा वस्तीतले स्टार कासव हवेशीर, कोरड्या खोक्यात ठेवावे. दूधपोळी घालू नये. वनखात्याला 1926 ह्या क्रमांकावर कळवावे. दोरी बांधण्यासाठी कवचाला भोक तर मुळीच पाडू नये : ते जिवंत हाड आहे, त्याचा कणा व फासळ्या त्यातच जुळलेल्या आहेत. आणि कासव नेमके कोठे सापडले, ती जागा वनरक्षकाला अवश्य सांगावी. त्याला पुढे कोठे सोडायचे, हे ठरवायला तिचा उपयोग होतो.