कागदाविना परागंदा

ज्या माणसाने जन्मात देशाची तर सोडाच, पण जिल्ह्याचीही हद्द फारशी ओलांडलेली नाही, त्याला निर्वासित म्हणता येईल काय, हा प्रश्न कायदेपंडितांना चमत्कारिक वाटेल. परंतु घोडनदीकाठच्या शिरूर तालुक्यात आणि भीमाकाठच्या दौंड तालुक्यात पारध्यांची पाले गायरानाच्या, ओढ्याच्या नाहीतर कालव्याच्या कडेला पडताना आणि उठताना ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना तो तसा वाटणार नाही. गावात चोरी झाली की संशय पालावर, संशय आला की धाड पालावर, आणि धाड पडून गेली की 'ही पीडा येथून उठवा' असा चावडीवरचा सूर. मग चार भांडी, एक बाज, कोंबड्या आणि पोरे घेऊन कुटुंब पुढच्या शिवारात जाते, आणि काही काळाने तेथेही तोच प्रकार घडतो. हद्दपारीचा हुकूम कोणी काढलेला नसतो, आणि म्हणूनच त्याविरुद्ध अपीलही करता येत नाही.

या अवस्थेचे मूळ शोधू गेल्यास 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्यापर्यंत जावे लागते. आरंभी उत्तर हिंदुस्थानापुरता असलेला तो अंमल 1911 च्या सुधारित कायद्याने मुंबई इलाख्यावरही आला. जमातच्या जमात जन्मतः गुन्हेगार ठरवायची, तिच्यातील माणसांची नावे आणि बोटांचे ठसे नोंदवायचे, त्यांना ठरलेल्या वेळी हजेरी द्यायला लावायची आणि परवान्यावाचून गावाबाहेर पाऊल टाकू द्यायचे नाही, अशी ती व्यवस्था होती. तिच्या पुढच्या पायरीवर सोलापूरसारख्या ठिकाणच्या, तारेच्या कुंपणाआडच्या वसाहती होत्या, ज्यांना लोक अजून 'सेटलमेंट' म्हणतात. 31 ऑगस्ट 1952 रोजी हा कायदा देशातून उठला आणि या जमाती 'विमुक्त' झाल्या. पण 1959 मध्ये मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांसाठी वेगळा कायदा केला, आणि दप्तरातील नावे बदलली तरी नजर बदलली नाही. ज्या आजोबांना गाव सोडण्यासाठी परवाना लागत असे, त्यांच्या नातवंडांना गावात राहण्यासाठी तो लागू लागला. पारध्यांपैकी कोणी गुन्हा करीतच नाही असे म्हणणे भाबडेपणाचे होईल, आणि त्यांच्या जातपंचायतीने बायकांवर केलेले जुलूमही झाकून ठेवण्यासारखे नाहीत. परंतु एकाच्या गुन्ह्यासाठी सबंध वस्ती उठविण्याचा न्याय आपण दुसऱ्या कोणत्या जातीला लावतो, हे प्रत्येकाने आपल्या मनाशी ताडून पाहावे.

आता कागदाकडे वळू, कारण सारा प्रश्न शेवटी तेथेच येऊन अडतो. फासेपारधी अनुसूचित जमातीत मोडतात, आणि जातीचा दाखला मागणाऱ्याला 6 सप्टेंबर 1950 च्या पूर्वी आपले घराणे या राज्यात होते हे दाखवावे लागते. राजपारधी आणि गावपारधी यांची गणना विमुक्त जातींत होते, त्यांच्यासाठी ही तारीख 21 नोव्हेंबर 1961 आहे. ज्याचा आजोबा शाळेत गेला नाही, ज्याच्या नावावर सातबारा नाही, ज्याच्या घरातील जन्ममृत्यू कोतवाल बुकात चढले नाहीत, त्याने पाऊणशे वर्षांपूर्वीचा कागद आणावा कोठून? पूर्वजाचे नाव सरकारी दप्तरात असलेच तर ते बहुधा पोलिसांच्या नोंदवहीत असायचे, आणि ज्या नोंदीने आजोबाला गुन्हेगार ठरविले तीच नातवाला आदिवासी ठरविण्यास उपयोगी पडावी, याहून विलक्षण वारसा कोणता! महाराष्ट्राच्या जातप्रमाणपत्र कायद्याच्या 8 व्या कलमाने सिद्धतेचा भार अर्जदारावर टाकला आहे, म्हणजे शंका घेण्याचे काम सरकारचे आणि ती फेडण्याचे काम पालातल्या माणसाचे.

परकीय ठरविलेल्या माणसाची गतही हीच असते. 1946 च्या विदेशी व्यक्तिविषयक कायद्याच्या 9 व्या कलमाप्रमाणे आपण परकीय नाही हे ज्याचे त्यानेच सिद्ध करायचे असे, आणि 2025 च्या नव्या कायद्यानेही तो भार तसाच ठेवला आहे. 1998 च्या जुलैमध्ये मुंबईत बंगाली बोलणाऱ्या मुसलमानांना, ज्यांत जरीकाम करणारे कारागीर पुष्कळ होते, बांगलादेशी ठरवून पोलीस पहाऱ्यात हावड्याकडे जाणाऱ्या गाडीत बसविण्यात आले. पश्चिम बंगालमधील उलुबेरिया स्थानकावर जमावाने गाडी अडवून त्यांतील काहींना उतरवून घेतले, आणि इकडे मुंबईतील नागरी हक्कांच्या कार्यकर्त्यांनी त्या लोकांच्या वस्त्यांत हिंडून जबान्या नोंदविल्या. भारताने 1951 च्या आंतरराष्ट्रीय निर्वासित करारावर सही केलेली नाही हे खरे. तथापि चकमा निर्वासितांना अरुणाचलातून हुसकावून लावण्याची भाषा सुरू झाली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये निर्वाळा दिला की घटनेच्या 21 व्या कलमाचे संरक्षण नागरिक नसलेल्यांनाही आहे. मग जे नागरिक आहेत त्यांचे काय, असे शिरूरच्या पारध्याने विचारले तर ते उद्धटपणाचे खचित ठरणार नाही.

या मुलखाला आश्रय देण्याची परंपरा नाही असेही नाही. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून पंडिता रमाबाईंनी आणलेल्या मुलींना प्लेगच्या बंदोबस्तामुळे पुण्यात जागा मिळेना, तेव्हा त्यांना दौंड तालुक्यातील केडगावच्या माळावर नेण्यात आले, आणि तेथेच मुक्तिसदन उभे राहिले. पुढे पानशेत-वरसगावच्या धरणग्रस्तांपैकीही काहींना याच तालुक्यातील कालव्याखालच्या जमिनी मिळाल्या. त्यांचे हाल कमी झाले नाहीत, पण त्यांच्या हाती निदान प्रकल्पग्रस्ताचा दाखला होता. पारध्याला कोणत्या धरणाने उठविले, हे कोणत्याच दाखल्यावर येत नाही.

अशा माणसांच्या वतीने जी चळवळ चालते, तिच्यात मोर्चा आणि घोषणा असतात, पण तिचे खरे अंग कारकुनी आहे. शिरूर तालुक्यातील सुनीता भोसले यांनी स्वतः फासेपारधी समाजातून येऊन अन्यायाविरुद्धची ही खटपट केली आणि 'विंचवाचं तेल' या आत्मकथनात ती सांगितली. मराठवाड्यात एकनाथ आवाडांच्या मानवी हक्क अभियानाने भूमिहीनांच्या गायरानावरील वहिवाटीसाठी वर्षानुवर्षे लढा दिला. असा कार्यकर्ता वस्तीवर प्रथम भाषण करीत नाही. तो प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून छपराला खोचून ठेवलेले कागद उलगडून पाहतो. त्यांत लशीचे कार्ड असते, एखाद्या पोराचा शाळा सोडल्याचा दाखला असतो, जामिनाची नक्कल असते, आणि क्वचित दंडाची पावती असते. ही पावती कार्यकर्त्याला सर्वांत मोलाची वाटते, कारण गायरानावरील अतिक्रमणाचा दंड भरला म्हणजे त्या साली ते कुटुंब त्या गटात राहत होते, असे सरकारनेच लिहून दिलेले असते. ज्यांच्यापाशी एवढेही नसते त्यांच्यासाठी गृहचौकशीचा अर्ज करायचा, तलाठ्याकडून पंचनामा मिळवायचा आणि शिधापत्रिकेपासून आरंभ करायचा.

पाल जबरदस्तीने उठविले गेले, तर कायदा अगदीच मुका नाही. अनुसूचित जमातीच्या माणसाला घर किंवा गाव सोडण्यास भाग पाडणे हा अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या 3 ऱ्या कलमाखाली गुन्हा आहे, आणि त्याला सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कैद आहे. मात्र हे संरक्षण फासेपारध्याला मिळते, विमुक्त जातीत मोडणाऱ्या राजपारध्याला मिळत नाही, म्हणजे शेजारच्या दोन पालांना जाळणारा हात एकच असला तरी कलमे वेगळी लागतात. याउलट सरकारी तडीपारीला निदान काही शिस्त असते: महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या 55 ते 57 या कलमांखाली ती होते, आधी म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते, मुदत दोन वर्षांपलीकडे जात नाही आणि तीस दिवसांत अपील करता येते. 2022 मध्ये जालन्याच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तडीपारी हा असाधारण उपाय असल्याचे बजावून तसा हुकूम रद्दही केला. गावाने तोंडी दिलेल्या तडीपारीला यांतले काहीच लागू नाही.

आज या दोन तालुक्यांत गायरानाचा प्रश्न पूर्वीपेक्षा अवघड झाला आहे, कारण रांजणगावचे कारखाने आणि कालव्याचे पाणी यांमुळे जमिनीला भाव आला, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या 2011 च्या जगपाल सिंग निकालाने गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटविण्याचा आदेश दिला. त्या निकालातच भूमिहीन मजूर आणि अनुसूचित जातिजमातींना सरकारी अधिसूचनेखाली दिलेल्या पट्ट्यांसाठी अपवाद आहे, पण तो नोटिशीत कोणी छापीत नाही. म्हणून नोटीस आली की कार्यकर्ता जमीन महसूल संहितेच्या 51 व्या कलमाखाली नियमानुकूलतेचा अर्ज करवून घेतो, त्याला दंडाची पावती आणि मतदारयादीतील पानाची नक्कल जोडतो, आणि अर्जावर कचेरीचा आवक क्रमांक पडून पोच हातात आल्याखेरीज तेथून हलत नाही; पुढच्या धाडीच्या वेळी दाखविण्याजोगा तेवढाच एक ताजा कागद त्या कुटुंबापाशी असतो.