कानात शिट्टी, डोक्यात फीडबॅक

गॅदरिंगच्या रात्री डीजेच्या स्पीकरसमोर तीन तास नाचलो. रूमवर येऊन आडवा झालो तर कानात ‘कुंईऽऽ’ चालू! वाटलं, सकाळपर्यंत जाईल. गेलं नाही. त्यात ओरल्स तोंडावर. रोज रात्री उशीला डोकं टेकलं की पहिलं काम म्हणजे ‘आहे का अजून?’ हे तपासणं. असायचंच!

याला टिनिटस किंवा कर्णनाद म्हणतात. मोठ्या आवाजाने आतल्या कानातल्या नाजूक केसपेशींना इजा होते. कानाकडून सिग्नल कमी आला की मेंदू स्वतःचा गेन वाढवतो, असं मानलं जातं. गेन वाढला की नॉइजही वाढणारच.

पण गंमत बघा. १९५३ मध्ये अमेरिकेत हेलर आणि बर्गमन यांनी चांगलं ऐकू येणाऱ्या ८० जणांना एकेक करून अगदी शांत खोलीत बसवलं. त्यातल्या ९४ टक्के लोकांना काही ना काही आवाज ऐकू आले! मग त्रास थोड्यांनाच का?

इथे काळजी येते. माइक स्पीकरसमोर धरला की कसा किंचाळतो, तसंच हे. आवाज आला की भीती, भीतीमुळे लक्ष तिकडेच, लक्ष गेलं की आवाज आणखी मोठा वाटतो. झोप उडते, काळजी वाढते. पॉझिटिव्ह फीडबॅक!

डॉक्टरांनी कान तपासले आणि कौन्सेलरकडे जायला सांगितलं. मला रागच आला. मला काय वेड लागलंय? पण लूप तोडायचा तर तो तिथेच तुटतो. कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपीत ‘हा आवाज कधीच जाणार नाही, मी नापास होणार’ असले विचार कागदावर लिहून तपासतात, लक्ष दुसरीकडे वळवायचा सराव करतात, अंग सैल सोडायला शिकवतात. नेदरलँड्समध्ये ४९२ रुग्णांवर अशा उपचारांचा अभ्यास झाला, तो २०१२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. नेहमीच्या उपचारांपेक्षा यात रुग्णांचा त्रास जास्त कमी झाला. आवाज बंद होईलच असं नाही, पण त्याचा धाक जातो.

मात्र आधी कानाच्या डॉक्टरांकडे जाच. आवाज एकाच कानात असेल किंवा नाडीसारखा ठोके देत असेल तर टाळू नका. अचानक ऐकू येईनासं झालं तर त्याच दिवशी पळा.

माझी शिट्टी अजून आहे. रात्री पंखा चालू ठेवतो, आणि ‘आहे का?’ हे तपासत नाही. झोप लागते.

आणि हो, पुढच्या गॅदरिंगला स्पीकरपासून लांब, कानात इअरप्लग घालून नाचणार!