मेदपेशीचं दार

आफ्रिकेतल्या झेनोपस जातीच्या बेडकीची अंडी गोड्या पाण्यात पडून राहिली तरी फुगत नाहीत. त्यांच्या पेशीपटलातून पाणी फार हळू आत शिरतं. १९९२ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात पीटर अॅग्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा काही अंडपेशींमध्ये एका मानवी प्रथिनाचा आरएनए टोचला. त्या आरएनएबरहुकूम अंडपेशींनी प्रथिन घडवलं, आपल्या पटलात बसवलं, आणि पाण्यात सोडल्यावर काही मिनिटांत त्या टरारून फुगल्या आणि फुटल्या. पाण्याची वाट सापडली होती. या प्रथिनाला पुढे अॅक्वापोरिन-१ म्हणू लागले आणि २००३ साली अॅग्रे यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

अॅग्रे हे प्रथिन शोधत नव्हतेच. ते रक्तगटाच्या आरएच प्रथिनामागे होते आणि त्यांच्या नमुन्यात हा एक आगंतुक सारखा येत होता. कुटुंबाला घेऊन फ्लोरिडाच्या सहलीहून परतताना ते वाटेत जॉन पार्कर या जुन्या मार्गदर्शकांकडे थांबले, आणि ‘ही पाण्याची वाहिनी तर नसेल?’ ही शंका पार्कर यांनी काढली. संशोधनाच्या इतिहासातला हा माझा अतिशय आवडता प्रसंग आहे. शरीरक्रियाशास्त्र शिकवत असताना तो मी दर वर्षी सांगायचे, अभ्यासक्रम मागे पडला तरी सांगायचे.

थोडी पार्श्वभूमी. पेशीचं पटल स्निग्ध रेणूंचं असतं, त्यामुळे पाण्यात विरघळणाऱ्या गोष्टींना ते सहज पार करता येत नाही. त्यासाठी पटलात वाहिनी-प्रथिनं असतात: सोडियमची, पोटॅशियमची, कॅल्शियमची, क्लोराइडची. मिरचीचा तिखटपणा ओळखणारी टीआरपीव्ही-१ हीसुद्धा वाहिनीच. अॅक्वापोरिनांचे माणसात तेरा प्रकार आहेत आणि त्यांतले काही पाण्याबरोबर ग्लिसरॉललाही वाट देतात. एवढं पुरे. मला जायचं आहे ते चरबीकडे.

ओसाका विद्यापीठात युजी मात्सुझावा यांच्या गटाने नव्वदच्या दशकात एक मोठं काम हाती घेतलं: माणसाच्या चरबीत कोणकोणती जनुकं जागी असतात, त्यांची मोजदाद. चरबीकडे तेव्हा निव्वळ साठा म्हणून पाहिलं जाई. या मोजदादीतून अॅडिपोनेक्टिन हे संप्रेरक पुढे आलं आणि १९९७ साली ग्लिसरॉल वाहून नेणारं अॅक्वापोरिन-७ देखील आलं. अॅडिपोनेक्टिनला प्रसिद्धी मिळाली. अॅक्वापोरिन-७ मागे राहिलं. माझ्या मते त्याची गोष्ट अधिक सुंदर आहे.

चरबीचा एक रेणू म्हणजे ग्लिसरॉलला जोडलेली तीन मेदाम्लं. आपण निर्जळी उपवास केला, की काही तासांत मेदपेशीतली विकरं हा रेणू तोडू लागतात. मेदाम्लं स्नायूंना इंधन म्हणून जातात. ग्लिसरॉल मात्र पाण्याचा सोबती, त्याला स्निग्ध पटल सहज ओलांडवत नाही. त्याच्यासाठी अॅक्वापोरिन-७ हे दार आहे. तिथून ते रक्तात येतं, यकृताच्या पेशीत अॅक्वापोरिन-९ च्या दारातून शिरतं आणि यकृत त्यापासून ग्लुकोज बनवतं. उपाशीपोटी मेंदूला साखर मिळत राहते, त्यातला काही वाटा या ग्लिसरॉलचा असतो. उपवास सोडून जेवलो की इन्सुलिन वाढतं आणि ते अॅक्वापोरिन-७ च्या जनुकालाच आवर घालतं. दारं कमी होतात, साठवण सुरू होते.

दार नसेलच तर काय होईल? २००५ मध्ये ओसाकाच्या गटाने हे जनुक काढून टाकलेल्या उंदरांचा अहवाल दिला. तरुणपणी ते इतरांसारखेच होते. वय वाढलं तसे लठ्ठ झाले आणि इन्सुलिनला दाद देईनासे झाले. मेदपेशीत ग्लिसरॉल अडकलं होतं. एरवी तिथे ग्लिसरॉल कायनेज हे विकर नगण्य असतं; या उंदरांत ते वाढलं, आणि अडकलेलं ग्लिसरॉल पुन्हा चरबीत बांधलं जाऊ लागलं. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात अॅलन व्हर्कमन यांच्या प्रयोगशाळेलाही अशाच फुगलेल्या मेदपेशी दिसल्या.

इथवर चित्र फार सुबक आहे, आणि म्हणूनच सावध राहायला हवं. दुसऱ्या काही प्रयोगशाळांतले असेच उंदीर लठ्ठ झाले नाहीत. जपानमध्ये एक अशी व्यक्ती आढळली, जिच्या जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी होत्या. व्यायामानंतर तिच्या रक्तातलं ग्लिसरॉल वाढलं नाही, म्हणजे दार खरोखर बंद होतं. पण ती व्यक्ती ना लठ्ठ होती, ना मधुमेही. माणसाच्या मेदपेशीत अॅक्वापोरिन-१० सुद्धा असतं, उंदरात मात्र त्याचं जनुक निकामी आहे. उंदरावरून माणसाविषयी झटपट निष्कर्ष काढणाऱ्यांनी हा एकच फरक लक्षात ठेवला तरी पुष्कळ होईल. ‘लठ्ठपणाचं जनुक सापडलं’ असे मथळे मला म्हणूनच मनापासून खटकतात.

मेदपेशी डोळ्यांनी पाहावी म्हणून मी एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या ऊतीशास्त्र विभागात गेले होते. सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात ती नुसती रिकामी वर्तुळं. काचपट्टी तयार करताना अल्कोहोल आणि झायलीनमध्ये चरबी विरघळून जाते. उरतं ते पटल आणि कडेला ढकललेलं केंद्रक. तिथल्या तंत्रज्ञ बाईंनी ऑस्मियमने रंगवलेली दुसरी पट्टी काढून दिली, तीत चरबी काळीभोर दिसते. मी मात्र पुन्हा त्या रिकाम्या वर्तुळांकडेच वळले. मेदपेशीचा व्यास २० मायक्रोमीटरपासून १०० च्याही पुढे जातो. व्यास पाचपट तर आकारमान सव्वाशेपट. एवढं ताणलं जाताना या पटलाचं काय होत असेल, हा विचार तिथून निघाल्यावरही सुटला नाही.

याच संदर्भात थोडं विषयांतर. शीतयुद्धातल्या अणुचाचण्यांनी हवेत कार्बन-१४ वाढला आणि तो अन्नातून सगळ्यांच्या पेशींत उतरला. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत कर्स्टी स्पाल्डिंग आणि पीटर आर्नर यांनी त्यावरून मेदपेशींची वयं काढली. २००८ सालचा त्यांचा निष्कर्ष असा की प्रौढांत मेदपेशींची संख्या जवळपास स्थिर राहते आणि दर वर्षी सुमारे १० टक्के पेशी बदलल्या जातात. वजन उतरलं तरी संख्या घटत नाही. पेशी लहान होतात, एवढंच.

आपण फुगलो आहोत हे पेशीला कळतं का? फुगलेल्या पेशीतून क्लोराइड बाहेर सोडणारा प्रवाह विद्युत-मापनात कैक वर्षं दिसत होता, पण वाहिनी हाती लागत नव्हती. २०१४ साली कॅलिफोर्नियात आर्डेम पॅटापुटियन यांच्या आणि बर्लिनमध्ये थॉमस येंच यांच्या गटाने ती स्वतंत्रपणे शोधली: एलआरआरसी-८ए, ऊर्फ स्वेल-१. तीन वर्षांनी राजन साह यांच्या गटाने ती मेदपेशीत तपासली. लठ्ठ माणसांच्या आणि उंदरांच्या मोठ्या मेदपेशींत हा प्रवाह वाढलेला होता. उंदरांच्या चरबीतून ही वाहिनी कमी केल्यावर चरबी घटली, पण साखर मात्र बिघडली. पेशी फुगते, वाहिनी जागी होते, इन्सुलिनचा निरोप आत जोराने पोहोचतो आणि पेशी आणखी साठवते: अशी ही साखळी आहे.

चरबी कमी, तरी साखर वाईट. पुण्यात हे वाचताना डॉ. चित्तरंजन याज्ञिक आठवणारच. केईएम रुग्णालयातल्या याज्ञिकांचं आणि लंडनच्या जॉन युडकिन यांचं एक छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलं. दोघांचा बीएमआय २२.३. शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२ टक्के. पुण्याच्या आसपासच्या गावांतली बाळं युरोपीय बाळांपेक्षा वजनाने बरीच कमी, पण त्या मानाने चरबी राखून जन्मतात, हेही याज्ञिकांच्याच गटाने दाखवलं. दिसायला सडपातळ, आतून मेदाळ. साहांच्या उंदरांशी याची तंतोतंत बरोबरी करता येणार नाही, कारण त्यांची चरबी घटली होती. तरीही दोन्हीकडून एक गोष्ट पुढे येते: चरबी किती आहे यापेक्षा मेदपेशी तिला किती नीट सामावून घेते आणि वेळेवर सोडते, यावर साखरेचं गणित अवलंबून असतं. वजनकाटा हे सांगू शकत नाही.

साहांच्या गटाने २०२२ मध्ये स्वेल-१ ला सावरणारं एक संयुग मधुमेही उंदरांना दिलं आणि त्यांची साखर सुधारली. माणसाच्या औषधापर्यंतचा पल्ला लांब आहे. पण चरबी जाळण्याऐवजी मेदपेशीचं काम नीट चालवून देण्याचा हा विचार मला पटतो, आणि आपल्याकडच्या सडपातळ मधुमेह्यांच्या मेदपेशींतल्या या वाहिन्या बारकाईने तपासाव्यात, तेही पुण्यातच, असं मला फार वाटतं.