गाठीला म्हणे हवा लागली!

‘चाकू लावू नका, गाठीला हवा लागली की कॅन्सर पसरतो.’ मुलाच्या पोटात गाठ निघाली की घरी भेटायला येणाऱ्यांपैकी कोणीतरी हे सांगतंच. केमो चालेल, काढे चालतील, ऑपरेशन तेवढं नको. मग दोन-तीन महिने झाडपाल्यात जातात, आणि त्या काळात गाठ हवेशिवाय व्यवस्थित वाढते.

हा खेड्यापाड्यातला अडाणीपणा आहे, असं समजू नये. २००३ साली ‘अॅनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन’मध्ये अमेरिकेतली एक पाहणी छापून आली होती. फुफ्फुसांच्या आजारांसाठी दवाखान्यात आलेल्या तिथल्या ३८ टक्के रुग्णांनाही हेच खरं वाटत होतं! हवेनेच कॅन्सर पसरत असता तर तोंडाचा आणि कातडीचा कॅन्सर कधी बराच झाला नसता, एवढा साधा विचार कोणी का करत नाही? कॅन्सरच्या पेशी रक्तातून आणि लसिकावाहिन्यांतून जातात. पोट उघडल्यावर जो पसरलेला रोग दिसतो, तो आधीच पसरलेला असतो. पण नातेवाइकांच्या लक्षात क्रम राहतो: ऑपरेशन झालं, मग बिघडलं.

सर्जनला भीती वाटत नाही असं मात्र नाही. फक्त ती हवेची नसते. विल्म्स ट्यूमर ही मूत्रपिंडाची गाठ बहुधा पाच वर्षांच्या आतल्या मुलांना होते. पुष्कळदा ती आईलाच, आंघोळ घालताना, हाताला लागते. मूल हसतंखेळतं असतं, पोट तेवढं एका बाजूला टणक. असं मूल वॉर्डात आलं की त्याच्या खाटेला ‘पोट दाबून पाहू नये’ अशी पाटी लावण्याची पद्धत आहे. कारण ही गाठ ठिसूळ असते. फुटली तर पेशी पोटात सांडतात. म्हणून पोटावर चांगला मोठा आडवा छेद घेतात, गाठ न दाबता, न चिरता मूत्रपिंडासकट अख्खी काढतात आणि शेजारच्या लसिकाग्रंथीही तपासणीला पाठवतात. युरोपीय पद्धतीत आधी साधारण चार आठवडे केमो देऊन गाठ आकसवतात, अमेरिकी पद्धतीत बहुधा आधी ऑपरेशन. एवढं करूनही गाठ फुटलीच, तर आजार तिसऱ्या टप्प्याचा धरून सहसा पोटाला रेडिएशन देतात. म्हणजे सांडण्यावरही इलाज आहे. श्रीमंत देशांत या आजाराची दहातली जवळपास नऊ मुलं बरी होतात, आणि त्या बरं होण्यात ऑपरेशनचा वाटा मोठा आहे.

‘सुई टोचली तरी पसरतं’ हा याच समजाचा धाकटा भाऊ. बहुतेक गाठींच्या बाबतीत ही भीती अनाठायी आहे. रेटिनोब्लास्टोमा हा डोळ्याचा कॅन्सर मात्र खरा अपवाद: तिथे बायोप्सी, म्हणजे तपासणीसाठी गाठीचा तुकडा काढणं, टाळतात; भूल देऊन डोळा आतून तपासतात आणि स्कॅनवर निदान करतात. हाडाच्या गाठीत बायोप्सी हवीच, पण ती कुठून घेतली याला फार महत्त्व आहे, कारण सुईचा मार्गही पुढे गाठीबरोबर कापून काढावा लागू शकतो. अमेरिकेतले हाडांचे सर्जन हेन्री मॅनकिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ साली ३२९ रुग्णांचा आढावा घेतला, तेव्हा चुकीच्या बायोप्सीपायी १५ जणांचा हात किंवा पाय विनाकारण कापावा लागल्याचं आढळलं. तेव्हा बायोप्सी टाळू नका. पुढे जो सर्जन ऑपरेशन करणार आहे, त्यालाच विचारून ती होऊ द्या.

बाकीचे समज झटपट. ‘लहान मुलांच्या प्रत्येक कॅन्सरला ऑपरेशन लागतं’: नाही, मुलांमध्ये सर्वाधिक आढळणाऱ्या ल्युकेमियात, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरात, काढायला गाठच नसते. ‘एका मूत्रपिंडावर मूल कसं जगेल?’ दुसरं निरोगी असेल तर छान जगतं, शाळेत जातं, खेळतं. ‘यकृताला हात लावला की संपलं’: निरोगी यकृताचा मोठा भाग काढला तरी उरलेला वाढून भरून येतो. ‘हाडाचा कॅन्सर म्हणजे पाय गेलाच’: आता बहुतेक वेळा गाठीचं हाड काढून तिथे कृत्रिम सांधा बसवता येतो, आणि वाढत्या वयाच्या मुलांसाठी लांबी वाढवता येणारे सांधेही आहेत. ‘गाठ निघाली, आता केमो कशाला?’ कारण डोळ्यांना आणि स्कॅनला न दिसणाऱ्या पेशी मागे उरलेल्या असू शकतात, आणि चाकू तिथवर पोचत नाही.